मुंबई बंदर पायी फिरायचंय, रूट सुचवा (सॅसून डॉक ते भाऊचा धक्का)

पायपीट

मंडळी, डिसेंबरात मामेभाऊ येतोय इंदूरहून, त्याने समुद्र बघितलाय तो जुहू चौपाटीवरून, तेवढाच. त्याला म्हटलं या वेळी तुला मुंबईचं बंदर दाखवते. आता बोलून बसले खरी पण गेटवे, ताज, एलिफंटा याच्या पुढे माझी पण गाडी जात नाही. गाईड, ग्रुप वगैरे नकोय, ते छत्री वर धरून पुढे चालणारे आणि आपण मागे मेंढरं, ते मला झेपत नाही. आपलं आपण चालायचं, वाटेत चहा मारायचा, पाय दुखले की बसायचं.

मी मॅपवर बघून ढोबळ असं काढलंय: सकाळी सॅसून डॉक, मग कॉजवेने गेटवे, मग बॅलार्ड इस्टेट, मग जमलं तर भाऊचा धक्का. बघण्यासारखं काय काय आहे, कुठलं गेट उघडं असतं, कुठे हाकलतात, सगळं सांगा. चालायची सवय आहे दोघांना.

फास्ट लोकल

ताई स्पष्ट सांगतो राग मानू नका. मुंबई बंदर पायी बघताच येत नाही. कुलाब्यापासून शिवडीपर्यंत एकतर नेव्हीची भिंत नाहीतर पोर्टाची भिंत. तुम्ही आठ-नऊ किलोमीटर भिंत बघाल. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोपॅक्स (गाड्या आणि माणसं दोन्ही नेणारी मोठी फेरीबोट) पकडा, तासाभरात बसल्या जागी क्रेना, जहाजं सगळं दिसतं, वरच्या डेकवर वारा खा आणि परत या.

खारा वारा

वाचतेय. मला पण हवाय हा रूट.

नाखवा

फास्ट लोकल म्हणतो ते अर्धं बरोबर आहे, भिंत आहेच. पण भिंतीच्या अलीकडे जे आहे ते पण बंदरच आहे की. जहाजं आत, आणि त्या जहाजांमुळे जे जे उभं राहिलं ते सगळं बाहेर, फुकट बघायला. मी हा पट्टा बऱ्याचदा चाललोय, माझा रूट सांगतो, जरा लांबण लागेल.

सॅसून डॉकला पहाटे साडेपाचच्या आत पोचा. सात वाजता गेलात तर धुतलेली फरशी बघाल. १८७५ ला डेव्हिड ससूनच्या मुलाने, अल्बर्ट ससूनने बांधलेला हा डॉक, भराव घालून. मोठी जहाजं भरती-ओहोटीची वाट न बघता लागावीत म्हणून कापसाच्या धंद्यासाठी बांधला, नंतर चार वर्षांत सरकारने विकत घेतला, आणि आता मासळीचा. गेटवरचं घड्याळाचं टॉवर बघून आत शिरायचं. पायात चप्पल नको, बूट घाला आणि ते बूट नंतर घरात आणायचे नाहीत हे ठरवूनच घाला. आत गेलं की बोटी एकाला एक चिकटून उभ्या, खलाशी एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर उड्या मारत येतात, खालून टोपली वर फेकली जाते आणि वरचा गडी ती न बघता झेलतो. लिलाव चालू असतो तिथे बाईच्या तोंडाकडे बघा, आकडा कधी वाढला आणि कधी माल सुटला ते आपल्याला कळत पण नाही, तोवर पाटी उचलून दुसरी बाई चालू पडलेली असते. बर्फाच्या लाद्या फोडायचा आवाज, हातगाड्या, "बाजू बाजू" चा गजर. मधे उभं राहून फोटोची पोज घेऊ नका. पोर्टाच्या हद्दीत फोटोला मनाई असते, मोबाईल खिशात ठेवा. एका कडेला कोळंबी सोलायला बायका रांगेने बसलेल्या असतात, हात चालू आणि गप्पा पण चालू.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जाऊ नका. डिसेंबर एकदम बेस्ट.

तिथून कॉजवेने उत्तरेला. कॉजवे १८३८ चा, त्याआधी कुलाबा वेगळं बेट होतं आणि भरतीला रस्ता पाण्याखाली जायचा. दुकानं अजून बंद असतील ते बरंच. रीगलच्या सर्कलला आलात की समोर पोलीस मुख्यालयाची देखणी दगडी इमारत आहे ती मूळची सेलर्स होम. खलाशांची धर्मशाळा म्हणा. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी पैसे दिले, आणि डिझाईन स्टीव्हन्सचं, ज्याने नंतर व्हीटी स्टेशन बांधलं. वर मान करून त्रिकोणी भागात बघा, नेपच्यून बसलाय घोडे-बिडे घेऊन. रोज हजारो माणसं खालून जातात, वर कोणी बघत नाही.

पुढचं नंतर लिहितो, ऑफिसात आहे.

कुलाबकर

नाखवा, सॅसूनांचं लिहिताना कापूस लिहिलात, अफू राहिली. त्या काळातल्या मुंबईच्या अर्ध्या दगडी इमारतींच्या पायात चीनला गेलेली अफू आहे, ससून असोत नाहीतर जमशेटजी जीजीभॉय असोत. लायब्रऱ्या, हॉस्पिटलं, माहीमचा कॉजवे सगळं दानधर्मातून झालं ते खरं, पण पैसा कुठला ते सांगायला पाट्या लाजतात.

नाखवा

@कुलाबकर मान्य. मामेभावाला सांगाच पायपीट ताई, अफू इंदूरकडूनच यायची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्याला एकदम घरचं वाटेल.

पायपीट

हे माहितीच नव्हतं!! त्याला आत्ताच व्हॉट्सॅप केला, त्याचा रिप्लाय: "तरीच आमच्याकडे सगळे दुपारी झोपतात." 😄

खारा वारा

गेटवेबद्दल एक. सगळे सांगतात की राजा पाचवा जॉर्ज या कमानीतून उतरला. राजा आला डिसेंबर १९११ ला आणि तेव्हा इथे कमानच नव्हती, पायाभरणी झाली १९१३ ला आणि उद्घाटन १९२४ ला. गांधीजी आफ्रिकेतून आले ९ जानेवारी १९१५ ला, अपोलो बंदरवरच उतरले, तेव्हा पण कमान झालेली नव्हती. त्यामुळे गेटवे ऑफ इंडियातून सगळ्यात गाजलेलं कोण गेलं असेल तर जाणारं गेलं, २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण इथून बोटीत बसली. मला हे फार आवडतं. यायला उशीर झाला पण जायला दार तयार होतं.

बाकी गेटवेला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, फोटोवाले सोडत नाहीत.

नाखवा

जेवून आलो. पुढचा भाग.

गेटवेहून शहीद भगतसिंग रस्ता धरा. उजवीकडे लायन गेट, दोन सिंह, आणि त्यामागे नेव्हल डॉकयार्ड. आत सोडत नाहीत, बाहेर उभं राहिलात तरी शिट्टी वाजते, त्यामुळे चालता चालता बघा. आत वाडियांच्या गोद्या आहेत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ ला सुरतेहून इथे आला आणि पुढे पिढ्यानपिढ्या त्यांनी इथे जहाजं बांधली, मलबारी सागाची. इंग्लंडच्या आरमाराला त्यांची जहाजं लागायची. चीनने हाँगकाँग इंग्रजांना दिलं तो १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला ते याच भिंतीमागे बांधलेलं. म्हणजे कुलाबकरांची अफू परत आलीच.

थोडं पुढे ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग, एकेकाळी आरमाराच्या साहेबाचं घर, आणि तिथंच सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश चर्च, १८१९ चं. या चर्चला लागून पूर्वी आईस हाऊस होतं. बर्फ यायचा अमेरिकेतून! १८३० च्या दशकापासून, बॉस्टनकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गुंडाळून, शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला. इमारत पाडली, आता काही नाही, पण चर्चसमोर उभं राहून थंडगार काहीतरी प्यायचं, माझा नेम आहे.

मग हॉर्निमन सर्कल. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसा, ३० पायऱ्या आहेत, १८३३ चं बांधकाम. समोरच्या गोल बागेत एकेकाळी कापसाच्या गासड्यांचे ढीग असायचे, कॉटन ग्रीन म्हणायचे. धूळ आणि धिंगाणा फार म्हणून बाजार कुलाब्याला गेला, मग शिवडीकडे गेला आणि नाव पण बरोबर घेऊन गेला, हार्बर लाईनचं स्टेशन ते हेच. टाऊन हॉलच्या मागे टांकसाळ आणि जुना किल्ला, किल्ल्यात आता नेव्ही. एके काळी त्याच्या पलीकडे लगेच समुद्र होता. हे डोक्यात ठेवा आणि मग बॅलार्ड इस्टेटमध्ये शिरा, कारण बॅलार्ड इस्टेट म्हणजे अख्खी त्या समुद्रात घातलेली भर आहे. अलेक्झांड्रा डॉक खणला, जो १९१४ ला सुरू झाला आणि ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात, त्याची माती इथे टाकली आणि २२ एकर जमीन काढली. गेटवेवाल्या विटेटनेच आखलं सगळं. रविवारी सकाळी जा, कुत्रं पण नसतं रस्त्यात, एका उंचीच्या इमारती, रुंद फुटपाथ, लंडनच्या फोटोत शिरल्यासारखं वाटतं. पोर्ट ट्रस्टचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, खांब, ते चुकवू नका.

फास्ट लोकल

एवढं चालून ब्रिटानियाचा बेरी पुलाव लिहिला नाही तर रूट बाद.

नाखवा

ते १९२३ पासून आहे, मी काय लिहायचं. दुपारीच उघडतं पण, आणि तुम्ही दहालाच तिथे पोचाल. पोटात पहाटेचा चहा आणि सॅसून डॉकचा वास. जमवा.

टायनकर

मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ राहतो म्हणून या धाग्यात माझं काय काम असं वाटलं होतं, पण वाडियांचं वाचून राहवलं नाही. इथून तासाभरावर हार्टलपूल आहे, तिथे एचएमएस ट्रिंकोमाली उभं आहे. १८१७ ला मुंबईत बांधलेलं, त्याच गोदीत. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत सगळ्यात जुनं (नेल्सनचं व्हिक्टरी त्याहून जुनं पण ते सुक्या गोदीत आहे). तिकीट काढून आत जाता येतं. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं, तुळयांवर हात ठेवला तर दोनशे वर्षांचा साग अजून गुळगुळीत लागतो. नेपोलियनच्या लढायांत ओकची लाकडं संपत आली म्हणून मुंबईत सागात बांधून घेतलं, आणि जमशेटजी बमनजी वाडियांचं नाव इथल्या लोकांना पाठ आहे. मजा म्हणजे मुंबईचं जहाज बघायला मला इथे आडकाठी नाही, आणि ते जिथे बांधलं ती गोदी मुंबईत येऊन मला बघता येत नाही.

कुलाबकर

नेव्हीची जागा आहे, कशी बघणार. सुरक्षेचं पण काही असतं की नाही.

टायनकर

मान्यच आहे हो. नुसतं वाटलं ते लिहिलं.

गोदीवाली

माझे वडील बीपीटीत (बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये) होते, इंदिरा डॉकला, टोळीत. नाखवा यांनी बॅलार्ड इस्टेटला रूट संपवला तर मी रुसेन. साहेबांचं बंदर तिथे संपतं, आमचं तिथून सुरू होतं.

सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या कोटाच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे तो बघायचा आणि पी. डिमेलो रोड धरायचा. डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी, त्यांच्या नावाचा रस्ता गोदीच्या भिंतीला लागूनच जातो, हे एक बरं झालं. या रस्त्याला झाडं नाहीत, ट्रक आहेत, डोक्यावर फ्रीवे आहे, हे आधीच सांगते. पण गेटं बघत जा. यलो गेट, ब्ल्यू गेट, ऑरेंज गेट. लहानपणी बाबा पाळीवरून सुटायची वेळ झाली की आई आम्हाला गेटावर पाठवायची, पगाराच्या दिवशी तर नक्कीच, कारण गेटाबाहेर व्याजाचे पैसे वसूल करायला पठाण पण उभा असायचा. भोंगा झाला की बंडीतली, हाफ पँटीतली माणसं गेटातून नुसती सांडायची. गोणी पाठीवर घ्यायचा हूक बाबा खांद्याला अडकवून घरी आणायचे, मुठीला सुतळी गुंडाळलेली, ती घामाने काळी पडलेली. कंटेनर आले, १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं आणि माणसं कमी कमी होत गेली. प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक तर आता बुजवून टाकलेत.

आणि व्हिक्टोरिया डॉक म्हटलं की १४ एप्रिल १९४४. फोर्ट स्टिकिन जहाज, आत दारूगोळा १४०० टनाच्या आसपास, त्यावर कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाणी मारत बसले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट. अर्ध्या तासाने दुसरा. जलपद्म नावाचं अख्खं जहाज उचलून धक्क्यावर पडलं. एक सोन्याची वीट मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, ती त्याने परत केली. त्यानंतर कित्येक वर्षांनी पण गाळ काढताना विटा निघाल्यात. फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले, म्हणून १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. गोदीतले आणि आजूबाजूच्या वस्तीतले किती गेले याचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे, आठशेपासून तेराशेपर्यंत. बाबा तेव्हा जन्मलेले पण नव्हते पण टोळीतले म्हातारे सांगायचे ते ते आम्हाला सांगायचे, आणि सांगताना नेहमी हेच, की बंबवाल्यांना आत काय भरलंय ते नीट सांगितलंच नव्हतं कोणी.

खारा वारा

गोदीवाली ताई, अंगावर काटा आला. तुम्ही वेगळा धागा काढाच गोदीवर.

गोदीवाली

बघते गं, वेळ मिळाला की. मस्जिदला इंडियन सेलर्स होम आहे ते पण याच रस्त्याला. तिथे दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना कबर नाही चिता नाही त्यांची नावं. पहिल्या युद्धातलेच दोन हजारांच्या वर. आत जायला विचारावं लागतं, नम्रपणे विचारलं तर बघू देतात असा माझा अनुभव. रीगलच्या सेलर्स होमला नेपच्यून आणि इथे नावं, दोन्ही एकाच दिवशी बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

फास्ट लोकल

ओके ओके. भिंत बघण्यासारखी आहे असं म्हणतो आता.

पण एक व्यावहारिक: मस्जिद ते भाऊचा धक्का हे उन्हात चालू नका. मस्जिद बंदर, चिंचबंदर, वाडीबंदर, नावात सगळी बंदरं आणि पाण्याचा थेंब दिसत नाही, समुद्र कधीच मागे हटवलाय. मस्जिदहून हार्बर लाईन पकडून डॉकयार्ड रोडला उतरा, दोनच स्टेशनं. स्टेशनजवळच टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, तिथे चढा. पूर्वी माझगावचा किल्ला होता तिथे, जंजिऱ्याच्या सिद्दीने सतराव्या शतकाच्या शेवटी उडवला. वरून तुम्हाला अखेर तुमचं बंदर दिसेल, क्रेना, माझगाव डॉकमध्ये बांधायला घेतलेल्या युद्धनौका, मागे खाडी आणि उरणचे डोंगर. फुकटात. हे मी रोज लोकलमधून बघतो म्हणून मला पायी चालायचं वेड कळत नव्हतं.

त्याच भागात चिनी खलाशांनी वगैरे बांधलेलं देऊळ पण आहे, १९१९ चं, एका साध्या इमारतीत वरच्या मजल्यावर. गल्लीत विचारा, चायनीज मंदिर म्हटलं की सांगतात.

चाकरमानी ६२

उशिरा लिहितोय. भाऊच्या धक्क्याबद्दल मला बोलू द्या, माझं बालपण तिथून सुटायचं.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. कुलाब्याच्या तोफखान्याच्या कारखान्यात कारकून माणूस, पण गोरगरिबांना बोटीत चढायला धड जागा नाही, चिखलातून जावं लागतं हे बघून धक्का बांधला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मूळ धक्का कर्नाक बंदराच्या बाजूला होता, आत्ताचा फेरी वार्फ नंतरचा, पण नाव माणसाचं राहिलं. सरकारी कागदात काहीही असू दे.

आमच्या लहानपणी मे महिन्यात कोकण सेवक नाहीतर कोकण शक्ती. वळकटी, ट्रंक, आंब्याच्या परतीच्या पेट्या, आणि डेकवर जागा धरायला बाबा पहाटेच पुढे जायचे. चादर अंथरली की ती आपली जहागीर. आईला बोट लागायची, प्रॉन्ग्जचा दिवा (कुलाब्याच्या टोकाजवळचं दीपगृह) मागे पडला की लगेच, लिंबू नाकाशी धरून पडायची ती थेट जयगडपर्यंत. मालवणला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला, त्यात उडी मारताना खाली बघायचं नाही असा दम असायचा.

आणि रामदास. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, सकाळी धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. माझ्या आजीच्या माहेरचे दोघे त्यात होते. सण होता म्हणून गावी निघालेली माणसं. पायपीट ताई, धक्क्यावर उभं राहिलात की दक्षिणेकडे तोंड करून भावाला एवढं सांगा.

आता त्या बोटी नाहीत, पण मोरा आणि रेवसच्या लाँची अजून चालतात. लाकडी बाक, टपावर टायर बांधलेले. मी सांगेन तुम्ही चालणं इथे संपवा आणि मोऱ्याची लाँच पकडून उरणला जाऊन या. बंदर पाण्यावरून एकदा बघायला हवंच, त्याबाबतीत फास्ट लोकल बरोबर बोलला. फक्त एसीतून नको.

फास्ट लोकल

काका माझी रोपॅक्स शेवटी लाँचवर आली 🙏

पायपीट

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा एक दिवसाचा प्लॅन बिघडवला आणि चांगला केला. आता असं ठरवलंय: शनिवारी पहाटे सॅसून डॉक ते बॅलार्ड इस्टेट, तिथे पुलाव, आणि घरी जाऊन झोप (इंदूरकर खूश). रविवारी सकाळी सेंट जॉर्जची भिंत, डिमेलो रोड, सेलर्स होम, लोकलने डॉकयार्ड रोड, बाग, मग भाऊचा धक्का आणि मोऱ्याची लाँच. बॅलार्ड इस्टेट रविवारी रिकामं असतं हे कळलंय, म्हणून रविवारची सुरुवात पण तिथूनच एक चक्कर मारून करणार.

दोन प्रश्न उरले. कर्नाक पूल पाडला होता ना, तिथून चालत जाता येतं का? आणि लाँचचं तिकीट आधी काढावं लागतं का?

गोदीवाली

पूल नवीन झाला, २०२५ च्या जुलैत सुरू झाला, नाव आता सिंदूर पूल. तुम्हाला तो चढायचाच नाहीये पण, तुम्ही पूर्वेकडूनच जाताय, डिमेलो रोडला पुलाच्या तोंडावरून सरळ पुढे जायचं. ट्रक वळतात तिथे, जपून.

चाकरमानी ६२

तिकीट धक्क्यावर खिडकीवरच. सुट्टे पैसे ठेवा. मोऱ्याला ओहोटी फार असली की लाँच अलीकडेच अडकते, गाळ आहे, त्यामुळे निघायच्या आधी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ बघा. आणि भावाला बोट लागत असेल तर लिंबू.

खारा वारा

मी रविवारी येऊ का तुमच्याबरोबर? दादरहून येईन, किती वाजता आणि कुठे भेटायचं तेवढं सांगा.

पायपीट

ये की! सात वाजता, सेंट जॉर्जच्या गेटवर. आणि येताना लिंबं घेऊन ये, आमच्याकडे दोन माणसं आहेत आणि त्यातला एक इंदूरचा.